मुलीकडच्या खुर्च्या

मच्छिंद्र खेतमाळीस दर गुरुवारी संध्याकाळी भिमाजीकडं भजनाला जायला लागला, तेव्हाच मालनबाईच्या मनात पाल चुकचुकली. जो माणूस सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या गाड्या मोजत बसला, देवळात गेला तर देवापेक्षा बाहेरच्या चपलांकडं ज्याचं जास्त लक्ष, त्याला रिटायर झाल्यावर एकाएकी देवाचा पुळका यावा? बरं, माळ्यावरची पेटी खाली काढली, पुसली, खांद्याला लावून नेली, तेही एक वेळ ठीक. भजनाला पेटी लागते. पण भजनाला जाताना मिशीला कलप कोण लावतं?

मालनबाई संशयी होती हे श्रीगोंद्यात त्यांच्या सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं. दूधवाल्याचं माप, गिरणीतलं पीठ, डॉक्टरची सुई, कशावरही तिचा चटकन भरवसा बसायचा नाही. "इस्वास देवावरबी ठिवावा," ती म्हणायची, "पन दार लावून."

नवऱ्यासाठी तर तिनं पहिल्यापासून एक युक्ती करून ठेवली होती. जेवणाचा डबा ती एका फडक्यात बांधायची आणि फडक्याला उलटी गाठ मारायची. ही गाठ तिच्या आईची. नेवाशाच्या त्या घराबाहेर कुणाला जमायची नाही. लग्नानंतर तिनं ती फक्त मच्छिंद्रला शिकवली आणि बजावलं, "तुमीच सोडायची, तुमीच परत बांधायची." संध्याकाळी रिकामा डबा घरी आला की आधी गाठ बघायची, मग नवऱ्याचं तोंड. दुसऱ्या कुणा बाईनं डबा सोडला, धुतला, बांधला असता तर गाठीनं लगेच चहाडी केली असती. पण गाठ कधी चुकली नाही. त्या गाठीच्या जिवावर मालनबाईचा संसार निवांत चालला होता.

आता नोकरी नाही, डबा नाही, त्यामुळं गाठही नाही. संशय मात्र होता तिथंच.

एक दिवस गिरणीत भिमाजीची बायको भेटली. मालनबाईनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, भजन जोरात चाललंय वाटतं तुमच्यात?"

"भजन? आमच्यात?" ती हसायलाच लागली. "आमचं येडं गुरुवारी मळ्यात असतंय, लाईट आली की मोटर चालू करायला. कसलं भजन आन कसलं काय."

मालनबाईनं पिठाची पिशवी उचलली. पीठ जाड आलं की बारीक हे न बघता ती घरी आली, यावरून काय ते समजा.

त्याच आठवड्यात धुण्यात मच्छिंद्रच्या सदऱ्याच्या कॉलरला एक चमकी सापडली. निळी, साडीवर असते तसली. तिनं ती कुंकवाच्या डबीच्या झाकणात ठेवली. भांडायचं तर पुराव्यानिशी भांडायचं, उगाच ओरडायचं नाही, ही तिची रीत. मग एका दुपारी मच्छिंद्र तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत जाऊन फोनवर बोलताना ऐकू आला. "व्हय आरतीबाई, येतो ना. न्हाई न्हाई, घरी काईच कळालेलं न्हाई."

आरती म्हणजे हायस्कूलात नव्यानं आलेल्या मॅडम. नगरच्या. एकट्याच खोली घेऊन राहायच्या, केस कापलेले, आणि बोलताना सगळ्यांकडं बघून हसायच्या. हे शेवटचं मालनबाईला आधीपासूनच खटकत होतं.

रविवारी शेजारची हाजराबी दारात आली. तिचा परवेझ मंडप आणि स्पीकरचं काम करतो, त्यामुळं गावात कुठं काय आहे ते तिला सगळ्यांच्या आधी कळतं.

"मालन, चल, आवर. मंगल कार्यालयात नाटक हाय. गान्याचं. फुकट."

"फुकट म्हंजी कायतरी गोम असनार."

"आरती मॅडमनं लिव्हलंय आन त्याच काम करत्यात. मोबाईलच्या दुकानातला कानिफनाथ हाय ना, तो हिरो." हाजराबी उंबऱ्यावर टेकली. "आन पेटीवर कोन, ते न्हाई इचारलंस."

"कोन?"

"तुझंच येडं. परवेझ बोलला मला. मला वाटलं तुला ठावं असंल."

मालनबाईनं हाजराबीला चहा दिला, आत गेली आणि पिशवी भरली. दोन लुगडी, औषधाच्या गोळ्या, वाटेत खायला भाकरी आणि ठेचा. भाकरीचं फडकं बांधताना हात सवयीनं उलट्या गाठीकडंच वळला. आज डोळ्यांनी काय ते बघायचं. खरं निघालं तर तसंच स्टँडवर जायचं, नगरची शेवटची एस.टी. धरायची आणि नेवाशाला भावाच्या दारात उतरायचं. म्हातारपणी माहेरी जाणं बरं दिसत नाही, पण हसं होऊन घरात राहणं त्याहून वाईट.

"पिशवी कशाला?" हाजराबीनं विचारलं.

"असू दे."

श्रीगोंद्यात अशा खेळाला मंगल कार्यालय हीच जागा. नाट्यगृह वगैरे लांबच्या गोष्टी. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या ढकलून एका कडेला केल्या होत्या, मागं थर्माकोलचा मोर तसाच. दोन्ही अंगांच्या खोल्यांवर रोजच्या पाट्या होत्या, डावीकडं वधूपक्ष आणि उजवीकडं वरपक्ष. आरती मॅडम वधूपक्षाच्या खोलीत तयार होत होत्या, कानिफनाथ वरपक्षाच्या. त्या पाट्यांनी घोटाळा केला. माणसं आत आली, सवयीनं पाट्या बघितल्या आणि सवयीनंच बसली. बहुतेक बाया मुलीकडच्या खुर्च्यांवर, बहुतेक गडी मुलाकडच्या. एका म्हाताऱ्यानं तर दारातच विचारलं, "पंगत कधी हाय?"

"जेवन न्हाई, आजोबा. नाटक हाय."

"मग बोलवलं कशाला?"

कुणाचाच विश्वास बसत नव्हता. मागच्या रांगेतला एकजण शेजाऱ्याला सांगत होता, "बघ तू. मधी गानं थांबवत्यान आन कुकर काढत्यान विकायला. मागल्या टायमाला गादी काढली हुती, चुंबकाची." शेजाऱ्याचं म्हणणं वेगळं. "कुकर न्हाई ओ. इलेक्शन आलंय. कोनतरी टोपीवाला उठून हात जोडनार." त्यामुळं दोघंही दाराजवळच बसले, निसटायला बरं पडावं म्हणून.

मालनबाई मुलीकडच्या मधल्या रांगेत बसली, पिशवी खुर्चीखाली सारली आणि स्टेजकडं बघितलं. कडेला मच्छिंद्र पेटी घेऊन बसला होता. अंगात जाकीट. हे जाकीट तिनं जन्मात बघितलं नव्हतं.

"जाकीट कुठून आलं?" ती पुटपुटली.

"परवेझचं हाय," हाजराबी म्हणाली. "लग्नातलं. तुझं येडंच मागून घेऊन गेलं."

नाटकाचं नाव 'साखरेला मुंग्या'. काट्यावर काम करणारा एक मुलगा, त्याला दाखवलेली एक मुलगी, एवढीच गोष्ट. दोघंच सगळं करायचे, मध्येमध्ये गाणी. कानिफनाथ गायला लागला की उजवीकडून टाळ्या यायच्या. आरतीनं उलटं उत्तर दिलं की डावीकडून. तिसऱ्या गाण्यापर्यंत रीतसर दोन पार्ट्या पडल्या. मुलाकडचे म्हणायचे, "वा रं वा कानिफ!" मुलीकडच्या बाया म्हणायच्या, "ऐकून घे आता!"

मालनबाई कुठल्याच पार्टीत नव्हती. तिचे डोळे पेटीवर. आरती गाता गाता पेटीकडं वळली, की ही पुढं सरकायची. मच्छिंद्रनं मान डोलावली, की हिची मूठ आवळायची. तेवढ्यात आरतीनं गिरकी घेतली. तिच्या निळ्या ओढणीवरच्या चमक्या सुटून उडाल्या, पेटीवर, जाकिटावर, पुढच्या रांगेतल्या एका बाळाच्या टकलावर. मालनबाईनं बघितलं. चमकी कुठून आली ते कळलं, आणि खरं सांगायचं तर तिला जरा वाईटच वाटलं. चांगला जपून ठेवलेला पुरावा हातचा गेला.

मग बघण्याचा कार्यक्रम आला. मुलगी ओढणीचा पदर सावरून पोह्यांची बशी पुढं करते आणि मुलाला म्हणते, "पगार सांगा. पन ओव्हरटाईम धरून सांगू नका."

सगळं कार्यालय हसलं. मालनबाई हसली नाही. तिचे कान तापले.

"मालन," हाजराबी कानाशी आली, "हे तर तुझं वाक्य. तूच सांगितलंवतंस मला."

"गप बस."

गप बसून काय होणार? पुढं मुलगी नवऱ्याचा सदरा हुंगते. डॉक्टरला म्हणते, सुई माझ्यासमोर फोडा. दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघते. आणि मग कमरेवर हात ठेवून लोकांकडं वळते आणि म्हणते, "इस्वास देवावरबी ठिवावा. पन दार लावून!"

हशा असा उठला की वरचे पंखे हलले असतील. गल्लीतल्या दोन-तीन बाया वळून मालनबाईकडं बघायला लागल्या. एकीनं तर तोंडाला पदर लावला.

मालनबाईला वाटलं, दुसरी बाई असती तर बरं झालं असतं. तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या. इथं कुणाच्या धरायच्या? स्टेजवर तर आपणच उभ्या आहोत, कापलेल्या केसांनी. घरातलं सगळं बाहेर नेऊन ह्या माणसानं चव्हाट्यावर मांडलं, वर पेटीचा सूर धरला. तिनं खाली वाकून पिशवीचा बंद पकडला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक जाडजूड बाई, कुठल्याशा वाडीवरून आलेली, मालनबाईला न ओळखणारी, मोठ्यानं म्हणाली, "बराबर हाय की तिचं! माझ्या सासूनं मला हे आधी शिकवलं असतं तर माझं येडं असं सुटलं नसतं."

"व्हय की," दुसरी म्हणाली. "हुशार हाय बाई."

मालनबाईनं दोघींच्या पाठीकडं बारकाईनं बघितलं. ह्या खरंच म्हणतायत की टोमणा मारतायत? पाठीवरून काही कळेना. बंद हातात तसाच ठेवून ती बसून राहिली.

मग डब्याचं गाणं आलं. नवी नवरी नवऱ्याला उलटी गाठ शिकवते. नवरा दिवसभर काट्यावर, संध्याकाळी परत, गाठ जशीच्या तशी. कानिफनाथ एकटाच पुढं येऊन गायला लागला. चाल मच्छिंद्रची होती, शब्दही त्याचेच असणार, हे मालनबाईला ऐकताच कळलं. गेले कित्येक महिने मोरीतून येत होती ती हीच.

घास कुणाच्याही पोटी जावो,
गाठ तुझीच मी बांधीन गं.

कार्यालय एकदम शांत झालं. कुकरवाला माणूसही गप्प. हाजराबीनं डोळ्याला पदर लावला. मालनबाईच्या हातातून पिशवीचा बंद सुटला. ह्या माणसाला माहीत होतं तर. गाठ कशासाठी होती ते माहीत होतं, आणि रोज काट्यावर बसून तो ती मुकाट्यानं बांधत होता. तिला क्षणभर फार गोड वाटलं.

क्षणभरच. दुसऱ्या वेळी ओळ आली तेव्हा ती ताठ झाली. घास कुणाच्याही पोटी? गाठ त्यानं बांधली, हे झालं. गाठ खरी. मग डबा?

ती उभी राहिली. "थांबा!"

कानिफनाथ थांबला. पेटी थांबली.

"डबा खाल्ला कुनी?"

"मावशी, नाटक हाय, खाली बसा!" मुलाकडून कुणीतरी ओरडलं.

"तुमच्यासाठी असंल नाटक. मला सांगा, डबा खाल्ला कुनी?"

पुढची जाडजूड बाई गर्रकन वळली, मालनबाईकडं बघितलं, मग स्टेजकडं. "व्हय की! खरंच कुनी खाल्ला?" आणि मग मुलीकडच्या सगळ्या खुर्च्यांवरून एकच गलका उठला. खाल्ला कुनी? सांग! बोल की आता!

कानिफनाथनं पेटीकडं तोंड करून हळूच म्हटलं, पण माईक चालू होता. "काका, हे लिव्हलेलं न्हाई."

आरती मॅडमनी कमरेवर हात ठेवले. त्यांनाही हे सुचलं नव्हतं, चेहऱ्यावरून दिसतच होतं. "खरंच हो, मच्छिंद्रकाका," त्या म्हणाल्या. "कुणी खाल्ला?"

मच्छिंद्र उठला. परवेझच्या जाकिटात तो अवघडून उभा होता, मिशी काळी आणि तोंड पांढरं.

"गाडीवान खायचे," तो म्हणाला.

"कोन गाडीवान?" मालनबाई.

"रांगेतले. उसाच्या बैलगाड्या उभ्या असायच्या की, काट्याम्होरं. ज्याची पाळी लांब असायची त्याला द्यायचो."

"गाडीवानच का गाडीवानीन?" मुलीकडून प्रश्न आला, आणि मुलाकडचे "ओहोहो!" करून ओरडले.

"जो असंल तो! नवरा, बायको, पोरं, सगळीच. रोज येगळी."

"आन तुमी काय खात हुता?"

"कॅन्टीनला. दूध-पाव."

"का?"

मच्छिंद्रनं मान खाली घातली. सगळं कार्यालय त्याच्या तोंडाकडं बघत होतं.

"मालन, तुझी भाजी लई तिखट असायची."

आधी कुणालाच कळलं नाही हसावं की काय. मग मुलाकडचे असे फुटले की दाराजवळचा कुकरवाला खुर्चीवरून घसरला. मुलीकडच्या बाया खवळल्या. "तिखट म्हने! आयतं खाऊन वर नावं ठिवतो!" "माझ्याच घरचा दिसतोय हा बी!"

"मग घरी कसं खात हुता?" मालनबाईचा आवाज आता जरा उतरला होता.

"घरी दही असायचं."

दही. प्रत्येक जेवणाला वाटीभर दही. इतकं दही लागतं कुणाला म्हणून तिनं दूधवाल्यावर संशय घेतला होता, मांजरावर घेतला होता, एकदा हाजराबीवरसुद्धा घेतला होता.

"मग सांगितलं का न्हाई?"

"सांगितलं असतं," मच्छिंद्र म्हणाला, "तर तू म्हनली असतीस, आता कुनाच्या हातचं गोड लागाया लागलंय?"

आता दोन्हीकडचे एकदम हसले. हाजराबी तर इतकी हसली की तिला ठसका लागला. आणि मालनबाईला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, की हो, अगदी हेच म्हणाले असते. शब्दन् शब्द हाच.

ती खाली बसली.

नाटकाचा शेवट लिहिला होता तो असा, की मुलगी नवऱ्याची माफी मागते, संशय घेतला म्हणून. आरतीनं सूर लावायला तोंड उघडलं, तर मुलीकडून गलका झाला, "माफी मागायची न्हाई!" जाडजूड बाई उभीच राहिली. "तिचं काय चुकलं? डबा लोकं खात हुती का न्हाई?" आरतीनं कानिफनाथकडं बघितलं, कानिफनाथनं मच्छिंद्रकडं, आणि मच्छिंद्रनं मुकाट्यानं सूर धरला. मग माफीचं गाणं कानिफनाथला म्हणावं लागलं. बाईच्या पट्टीतलं गाणं, त्याचा आवाज वर जाऊन चिरकला, पण टाळ्या सगळ्यात जास्त त्यालाच पडल्या. मुलाकडूनसुद्धा.

बाहेर पडताना लोकांचं बोलणं मालनबाईच्या कानावर येत होतं.

"मधी उठली ती बाई त्यांचीच. ठरवून बसवलेली."

"तर काय. पन काम झ्याक केलं. खरंच वाटलं."

"कुकर काय काढला न्हाई बाबा."

"पुढल्या टायमाला काढत्यान. आज सवय लावली."

हाजराबी परवेझला स्पीकर आवरायला सांगायच्या निमित्तानं शहाण्यासारखी मागं राहिली. मालनबाई कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसली. थोड्या वेळानं मच्छिंद्र आला, जाकीट काढून हातावर घेतलेलं. त्यानं पिशवी बघितली.

"कुठं निघालीस?"

"नेवाशाला. निघालेवते."

"मग?"

"गाडी गेली असंल."

"न्हाई गेली. आजून टाईम हाय."

"मला घालवायची लई घाई झालीया का?"

मच्छिंद्र एक पायरी सोडून बसला. जवळ बसायचं धाडस झालं नसावं.

"भजन म्हनून का सांगितलं?" तिनं विचारलं.

"नाटक म्हनलं असतं तर तू तालमीला येऊन बसली असतीस."

"बसले असते. मग?"

"मग तुझ्यादेखत तुझं सांगायला जीभ रेटली नसती." तो जाकिटावरच्या चमक्या एकेक करून टिपायला लागला. "पहिल्या तालमीला आरतीबाई म्हनल्या, हिरॉईन लई मिळमिळीत झालीया. म्या आपलं सहज तुझं एक बोलनं सांगितलं. त्या म्हनल्या, अजून सांगा. मग सांगत गेलो. लई हाय गं तुझं. गुरुवार पुरंनात."

मालनबाई समोरच्या रस्त्याकडं बघत राहिली. दर गुरुवारी हा माणूस दुसऱ्या बाईसमोर बसून बायकोचंच बोलत होता. याला काय म्हणायचं, कुठल्या कलमाखाली घालायचं, तिला काही सुचेना. इतक्या वर्षांच्या संशयात ही शक्यता तिनं कधी धरलीच नव्हती.

"जेवला का?" ती म्हणाली.

"न्हाई. दुपारचं तालमीत राहून गेलं."

तिनं पिशवीतून फडकं काढलं आणि मधल्या पायरीवर ठेवलं. मच्छिंद्रनं गाठ बघितली, एक टोक धरून हिसका दिला, गाठ सुटली. आत भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा.

त्यानं आजूबाजूला बघितलं.

"दही न्हाई," मालनबाई म्हणाली.

त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्याला लावला, चांगला भरपूर लावला, आणि तोंडात घातला. चावला. गिळला. त्याचे डोळे भरून आले आणि कलप लावलेल्या मिशीवर एक थेंब उतरला.

मालनबाईनं वाकून, कार्यालयाच्या बल्बच्या उजेडात ते पाणी नीट निरखून बघितलं. मिरचीचं की आणखी कशाचं, काही खात्री पटेना. म्हणून तिनं आपल्या हातानं दुसरा घास केला, ठेचा जरा जास्तच लावला, आणि पुढं धरला.

"हा खा," ती म्हणाली. "बघू."